गेणू मिस्त्री आणि गाडीची नाडी

गेणूला ‘माहीत नाही’ एवढं एक वाक्य म्हणता येत नसे. बाकी माणूस सोन्यासारखा. कामाला वाघ, बोलायला गोड, दिल्या शब्दाला जागणारा. पण कुणी काही विचारलं आणि त्याला ते ठाऊक नसलं, की त्याचे डोळे बारीक व्हायचे, खांद्यावरच्या तेलकट फडक्यानं तो एकेक बोट सावकाश पुसायचा, आणि शेवटच्या बोटापर्यंत त्याचं उत्तर तयार झालेलं असायचं. माणसं चंद्रावर गाडी घेऊन गेली त्या वर्षी लोणावळा स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्यांनी त्याला मुद्दाम गाठून विचारलं, की गेणूभाऊ, चंद्रावरच्या गाडीला क्लच असतो का? गेणूनं सगळी बोटं पुसली आणि सांगितलं, “असतो. पर अर्धाच. तितं वजन कमी भरतं ना.” हसायच्या तयारीनं आलेले टॅक्सीवाले विचारात पडून परत गेले.

हा गेणू राजमाचीच्या वाटेवरच्या एका वाडीतला. वाडीत मोजकी घरं. नाचणी आणि भात पिकायचं ते होळीपर्यंत कसंबसं पुरायचं, पुढं ज्यानं त्यानं आपली सोय बघायची. गेणूनं खंडाळ्याचा घाट धरला. मुंबईहून चढून येणाऱ्या गाड्या त्या काळात माथ्याला पोचेपर्यंत तापून बेजार व्हायच्या. बॉनेटमधून वाफ निघाली, की करवंदीच्या जाळीआड पाण्याचे डबे घेऊन बसलेली माणसं धावत सुटायची. त्यांतलाच एक गेणू. पहिल्याच दिवशी त्यानं उकळत्या रेडिएटरचं झाकण एका हिसक्यात उघडलं आणि कढत पाण्याचं कारंजं मनगटावर घेतलं. गाडीचा मालक ओरडला, की झाकण आधी ढिलं करून वाफ जाऊ द्यायची असते, एवढंही माहीत नाही का? गेणू मनगट काखेत दाबून म्हणाला, “म्हाईत हुतं. किती तापलंय त्ये बघत हुतो.”

खोड तिथून लागली, असं त्याची बायको बाया सांगायची. पाणी घालता घालता तो पंख्याचा पट्टा बसवायला शिकला, मग प्लग साफ करायला, मग बाजारातल्या एका लॉरीच्या गॅरेजात काही वर्षं पान्हे धुऊन, शिव्या खाऊन पुरता मिस्त्री झाला. वळवणच्या फाट्याला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यानं स्वतःचं पत्र्याचं छप्पर घातलं. शेजारी शालूबाईची चहाची टपरी. हंगामात बाया छपराच्या दाराशी जांभळं-करवंदांची पाटी मांडायची, एरवी तुंगार्लीच्या बंगल्यांत झाडलोट करायची. तिला चार घरचं बघायला मिळे, त्यामुळे नवऱ्याचं सगळं खरं असतं असं तिला कधीच वाटलं नाही.

“अवं, एकदा तरी म्हना की, ठावं न्हाई म्हून,” ती म्हणायची. “जीभ काय झडनार न्हाई.”

“मिस्त्रीनं असं म्हनलं तर गिऱ्हाईक हुबं ऱ्हाईल का?” गेणू म्हणायचा. “डॉक्टर म्हनत्यात का कवा?”

‘असंल तसं,’ म्हणून बाया पाटी आवरायला लागायची. डॉक्टरांकडे तिचं फारसं जाणं नव्हतं.

तर एका वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला गेणूच्या छपरासमोर एक पिवळी गाडी येऊन थांबली. गाडी कसली, पाठीवर रंग दिलेलं कासवच. तीत डॉक्टर पद्मजा. बाजारात त्यांचा दवाखाना होता आणि तुंगार्लीला तळ्याच्या अंगाला छोटासा बंगला. वय चाळिशीच्या पुढं, उंच, बोलणं मोजकं, आणि हसू आलं तर ते दाबायचं नाही असा स्वभाव. गाडी त्यांच्या भावाची. तो जर्मनीत नोकरीला होता. परत येताना गाडी बोटीवर घालून घेऊन आला, आणि इथं मन रमेना म्हणून गाडी बहिणीच्या दारात ठेवून पुन्हा निघून गेला. तिचं स्टेअरिंगही डाव्या हाताला.

“घाटात बंद पडते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चढताना, डावीकडे वळण आलं की मान टाकते. थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. बघता का?”

“बघतो की,” गेणू म्हणाला आणि त्यानं पुढचं बॉनेट उघडलं. आत एक टायर, एक छत्री आणि बाईंची औषधाची पेटी. इंजिन नाही. गेणू बराच वेळ त्या टायरकडे बघत राहिला.

“इंजिन मागं आहे,” बाईंनी सांगितलं.

“व्हय की. मी आधी स्टेपनीची हवा बघतोय.”

तो मागं गेला. तिथं इंजिन होतं, पण रेडिएटर नव्हता. गेणूनं वाकून बघितलं, झोपून बघितलं. ज्याचं सगळं पोटपाणी रेडिएटरनं चालवलं, त्याच्यासमोर पाणीच न पिणारी गाडी उभी होती. ती वाऱ्यावर थंड होते म्हणून बाईंनी सांगितलं, तेव्हा त्याला कुणीतरी घरचं माणूस परकं झाल्यासारखं वाटलं. रात्री त्यानं बायाला हे सांगितलं, तर तिला भारीच कौतुक वाटलं. “तिला तहानच न्हाई? मंग उन्हाळ्यात हंडे कोन वाहतंय? सुखाची हाय बाई,” असं म्हणून ती झोपी गेली.

पण खरी गोष्ट त्या इंजिनाच्या डाव्या कुशीला होती. तिथं एक काळी गोल डबी बसवलेली होती, वर झाकण. झाकण काढलं तर आत बारीक बारीक भोकांची चाळणी. भोकांच्या तळाशी पितळ चमकत होतं.

“हे काय असेल हो?” बाईंनी विचारलं.

गेणूनं फडकं काढलं. बोटं पुसली. “हवा घ्यायला.”

“पण याच्या मागून तर वायरी गेल्यात.”

“हवेच्याच वायरी.”

बाई हसल्या नाहीत. वाकून त्यांनी स्वतः नीट बघितलं आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही बुवा. गाडीचं पुस्तक आहे घरी, बघते.” आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून भल्यामोठ्या जुडग्यातून गाडीची तेवढी चावी सोडवून गेणूच्या हातात दिली आणि चालत निघून गेल्या.

गेणू त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. एवढी शिकलेली बाई, आणि ‘मला माहीत नाही’ असं म्हणाली. तेही शालूबाईच्या टपरीवर चार माणसं बसलेली असताना. आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं.

गेणूनं गाडी खोलली. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली, कार्बोरेटर धुतला. मग स्वतः गाडी घेऊन घाट उतरला आणि चढला. डावी वळणं मुद्दाम जोरात घेतली. गाडी कुरकुरली नाही. त्यानं बाईंना निरोप धाडला, की गाडी ठणठणीत हाय.

आठवडा गेला नाही तोच पिवळी गाडी पुन्हा दारात. बाईंच्या हातात ती घाटात बंद पडली होती. गेणूनं कॉइल बदलली, वायरी आवळल्या, पुन्हा घाट चढून आला, ठणठणीत. बाई गेल्या, पुन्हा बंद पडली. हे असं पाऊस लागेपर्यंत चाललं, पावसातही चाललं. गेणूला वाटायला लागलं, की गाडी आपल्यासमोर शहाण्यासारखी वागते आणि पाठ वळली की वात्रटपणा करते.

त्यात त्या डबीनं गावभर त्याची शोभा केली. जो येई तो डबीबद्दल विचारी आणि गेणू बोटं पुसून प्रत्येकाला वेगळं उत्तर देई. चिक्कीच्या दुकानदाराला त्यानं सांगितलं, की तिथं चहाची किटली जोडतात, थंड देशात ड्रायव्हरला लागते. पोस्टमनला सांगितलं, की वजन करायचं यंत्र आहे. शालूबाईला सांगितलं, की अत्तर भरायची जागा आहे, म्हणजे गाडीला पेट्रोलचा वास येत नाही. या मंडळींची एकमेकांशी गाठ पडणार हे त्याच्या लक्षात आलं नाही.

एका संध्याकाळी हौशीराम छपरात शिरला. हौशीराम म्हणजे बाजारातला लाऊडस्पीकरवाला. लग्नाला, गणपतीला रोषणाई करायची, एरवी रेडिओ दुरुस्त करायचे, आणि जे चालू आहे तेही उघडून बघायचं, हा त्याचा धंदा. तो गेणूचा जुना दोस्त होता, त्यामुळे त्याला राग आला होता.

“मला सांगितलंस रेडिओच्या एरियलची जागा आहे,” हौशीराम म्हणाला. “शालूबाईला अत्तर, पोस्टमनला वजनकाटा. अरे, किटली लावून, अत्तर शिंपडून, वजन करून घ्यायला ती गाडी आहे की जत्रा? एकदा काय ते ठरव. मी तीन ठिकाणी एरियल म्हणून छाती ठोकून सांगून आलोय.”

गेणूनं हत्यारं आवरली आणि छपराचं दार ओढून घेतलं. त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई गाडीचं पुस्तक घेऊन आल्या. त्यांना जर्मन थोडंफार येत होतं, शिवाय भावाला त्यांनी विचारून घेतलं होतं. बाया गेणूची भाकरी घेऊन आली होती, हौशीराम चहा पीत बसला होता, शालूबाई किटली हातात धरून कान देऊन उभी होती.

“तिकडं कंपनीच्या कारखान्यात एक मोठं यंत्र असतं,” बाई म्हणाल्या. “त्याची जाड वायर या डबीत खुपसतात. यंत्र सगळी गाडी तपासतं आणि काय बिघडलंय ते कागदावर छापून देतं. डबी त्यासाठी आहे. गाडीच्या अंगातल्या महत्त्वाच्या वायरींचं एकेक टोक तिथं आणून ठेवलंय.”

“मंग त्ये यंत्र आनायचं,” गेणू म्हणाला.

“इकडं कुठंच नाही. भाऊ म्हणतो, मुंबईतही नाही. आणि कुठल्या भोकात काय, ते पुस्तकात दिलेलं नाही. फक्त लिहिलंय, की मालकानं यात काही घालू नये.” बाईंनी पुस्तक मिटलं. “आता तुम्ही सांगा, गेणूभाऊ. बिघाड कुठं आहे?”

गेणूनं फडकं काढलं. अंगठा पुसला. करंगळीपर्यंत आला. दुसरा हात पुसायला घेतला. सगळे वाट बघत होते. हौशीरामनं बशी खाली ठेवली. बोटं संपली, तरी उत्तर आलं नव्हतं.

“डॉक्टरीणबाई,” गेणू म्हणाला, “मला ठावं न्हाई.”

शालूबाईच्या किटलीतून चहाची धार कपाच्या बाहेर गेली. बायानं नवऱ्याकडे असं बघितलं, की याला ताप तर नाही ना. फक्त पद्मजाबाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मलाही ठाऊक नाही. म्हणजे आता शोधायला लागू या.”

आणि त्यांनी गेणूचं मनगट धरून त्यावर दोन बोटं ठेवली. “हे बघा. रक्त अंगभर फिरतं, पण आम्ही नाडी इथंच का बघतो? इथं शीर वर आलेली असते, हाताला सापडते. ही डबी म्हणजे गाडीची नाडी. यंत्र नसलं म्हणून काय झालं, आपल्या बोटांनी बघू.”

“बोटं नको,” हौशीराम लगबगीनं उठत म्हणाला. “दिवे लावू. ज्या भोकात करंट असेल, तिथला दिवा पेटेल. मी आलोच.” आणि तो चहा अर्धा टाकून सायकलीवरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो एक पाय मोडका लाकडी पाट घेऊन. पाटावर त्यानं ओळीनं दिव्यांचे होल्डर ठोकले होते. डबीच्या भोकांत बसेल असं काही बाजारात मिळेना, म्हणून त्यानं सायकलीच्या तारा तोडून त्यांचे बारीक काटे केले होते आणि प्रत्येक काट्याला वायर जोडली होती. दिवे त्यानं हातात धरायच्या टॉर्चचे आणले होते. पहिला दिवा लावला तो एकदाच डोळा मारून मेला. दुसराही मेला. गाडीचा करंट त्या दिव्यांना झेपणारा नव्हता. मग गेणूनं आपल्या डब्यातून टॅक्सीच्या मागच्या लाईटचे जुने बल्ब काढून दिले आणि काम पुढं सरकलं.

पद्धत अशी ठरली, की गेणूनं काटा भोकात घालायचा, हौशीरामनं दिवा बघायचा, आणि गाडीत बसून कुणीतरी सांगेल तो खटका दाबायचा. बाई दवाखान्यात. शालूबाई टपरी सोडेना. राहिली बाया.

बाया आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसली. आधी ती सीटच्या टोकाला अंग चोरून बसली, मग जरा मागं सरकली, मग मऊ लागलं म्हणून पाय वर घेऊन मांडी घालूनच बसली.

“ब्रेक दाब,” गेणू मागून ओरडे. बाया पाय खाली सोडून मधलं पायडल दाबे आणि पुन्हा मांडी घाली. ब्रेक दाबल्यावर जो दिवा लागला, त्यावर हौशीरामनं गणपतीच्या मखरातला उरलेला पिवळा कागद चिकटवला. चावी फिरवली की लागायचा तो दिवा प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचा. त्याला हिरवा कागद. काही न करता सदा जळत असे तो थेट बॅटरीचा, त्याला लाल. काही भोकांत काहीच लागेना, तिथं गेणू मोठ्यानं म्हणे, “हितलं ठावं न्हाई,” आणि पुढं जाई. नव्यानं शिकलेलं वाक्य त्याला वापरून बघायचं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात दोन काटे एकमेकांना चिकटले. एक बॅटरीचा होता आणि दुसरा, नंतर कळलं, सेल्फचा, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचा. गाडी गिअरमध्ये होती आणि बायाचे पाय ब्रेकवर नव्हते, मांडीत होते. कासवानं एकदम उडी मारली. पुन्हा एक मारली. समोर बायाचीच जांभळांची पाटी होती, तिच्यावर पुढचं चाक चढलं आणि गाडी थांबली. हौशीराम पाटासकट खाली बसला होता.

जांभळ्या रंगाची मोठी चिळकांडी शालूबाईच्या टपरीपर्यंत गेली होती. सगळे गाडीकडे धावले. बाया आत तशीच मांडी घालून बसलेली, दोन्ही हात पदरात.

“मी काय बी केल्यालं न्हाई,” ती शांतपणे म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “पर चालती झ्याक.”

सेल्फच्या दिव्याला जांभळाचा रंग द्यायचा, असं हौशीरामनं तिथल्या तिथं ठरवलं.

रविवारी दवाखाना बंद. त्या दिवशी पद्मजाबाईंना घाटात गाडी चालवायला लावायची आणि दिव्यांकडे बघायचं असा बेत झाला. मागचं बॉनेट फटीपुरतं उघडं ठेवून सुतळीनं बांधलं, फटीतून वायरींची वेणी खिडकीवाटे आत घेतली. पाट मांडीवर घेऊन हौशीराम मागं बसला, त्याच्याजवळ गेणू. हौशीरामनं दिवसभराच्या हिशेबानं चिवड्याची पिशवी आणली होती. पुढं बाईंच्या शेजारची जागा मोकळी होती. बाया निरोप द्यायला म्हणून आली होती, ती दार उघडून सरळ आत बसली.

गाडी बाजारातून निघाली तेव्हा लोक थांबून बघायला लागले. स्टेअरिंग डावीकडे असल्यामुळे बाया नेमकी तिथं बसलेली, जिथं आपल्याकडे ड्रायव्हर बसतो. गेणू मिस्त्रीची बायको हात मांडीवर ठेवून, समोर बघत, बिनस्टेअरिंगची गाडी चालवत निघाली आहे, हे बघून चिक्कीचा दुकानदार पायरीवरून उतरून रस्त्यात आला. बायानं त्याच्याकडे बघितलंही नाही.

खंडाळा मागं टाकून गाडी घाट उतरली, खाली वळवून घेतली आणि चढायला लागली. पावसानं डोंगर हिरवे झाले होते, कड्यांवरून पाणी पडत होतं, पण मागच्या सीटवर कुणी बाहेर बघत नव्हतं. पाटावर लाल दिवा जळत होता, हिरवा जळत होता. पहिलं डावं वळण आलं. बाईंनी स्टेअरिंग फिरवलं. हिरवा दिवा विझला. गाडीनं गचका खाल्ला, बाईंनी दचकून क्लच दाबला आणि इंजिन गप्प झालं. रस्ता सरळ झाला तसा हिरवा पुन्हा लागला.

“गेला आणि आला,” हौशीराम म्हणाला. त्याच्या तोंडात चिवडा होता.

“लाल?” गेणूनं विचारलं.

“लाल हलला नाही.”

बाईंनी गाडी पुन्हा सुरू केली. उजव्या वळणाला काही नाही. पुढच्या डाव्याला पुन्हा तेच. हिरवा गेला, लाल तसाच. गेणूनं बाईंना गाडी कडेला घ्यायला सांगितलं. तो पाटाकडे बघत राहिला आणि पुटपुटत एकेक धागा सोडवू लागला. लाल जळतोय, म्हणजे बॅटरी शाबूत. हिरवा जातो, म्हणजे करंट कॉइलपर्यंत पोचतच नाही. मग कॉइलनं काय करावं आणि प्लगनं काय करावं? मी पॉइंट घासत बसलो, कार्बोरेटर धूत बसलो, नवी कॉइल घातली, पण घरात वीजच येत नाही तर दिवा बदलून काय व्हायचं? बॅटरीतून निघून कॉइलला जायच्या आधी करंट वाटेत कुठं थांबतो?

“चावीपाशी,” तो मोठ्यानं म्हणाला. “बाई, इंजिनात काय न्हाई. चावीच्या खटक्यापाशी बघाया पायजे. पुढं.”

“चाव्या त लय झोके घेत्यात,” बाया म्हणाली. “वळनाला पार आडव्या हुत्यात. मी मगाधरनं बगतीया, मला वाटलं तशाच असत्यात.”

सगळ्यांनी वाकून बघितलं. स्टेअरिंगखाली चावीला तो जुडगा लटकत होता. त्यात दवाखान्याच्या चाव्या, औषधाच्या कपाटाच्या, बंगल्याच्या पुढच्या-मागच्या दारांच्या, फाटकाची, पाण्याच्या टाकीच्या झाकणाची, आणि पुण्याच्या घरच्या तिजोरीची एक लोखंडी, जी एकटीच एखाद्या पान्ह्याएवढी होती. डावं वळण आलं की हा सगळा संसार उजवीकडे झुलायचा, त्या ओढीनं चावी इंचभर नाही, केसभर फिरायची, आणि तेवढ्यानं गाडीचा प्राण जायचा. गेणू गाडी तपासायला न्यायचा तेव्हा बाई त्याला सुटी चावी द्यायच्या, जुडगा दवाखान्यात. म्हणून त्याच्या हाती ती कधी रुसली नव्हती.

पद्मजाबाईंनी जुडगा हातात घेऊन तोलून बघितला आणि त्यांना जे हसू लोटलं ते थांबेना. “रोज पेशंटना सांगते,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “की बाबांनो, येताना सगळं सांगा, काही मागं ठेवू नका. आणि मी आजार खिशात घालून गाडी तेवढी पाठवत होते.”

“आन् मी धडधाकट गाडीचं पोट खनत बसलो,” गेणू म्हणाला, आणि तोही हसायला लागला. तो स्वतःला इतकं मोकळेपणानं हसलेला बायानं याआधी बघितला नव्हता.

जुडगा बायाच्या ओटीत गेला, सुटी चावी खटक्यात राहिली. उरलेला घाट गाडीनं एका दमात चढला. सगळ्या वळणांना हिरवा दिवा देवापुढच्या समईसारखा स्थिर. घाटदेव शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबून सगळ्यांनी हात जोडले. हौशीराम तेवढा खट्टू होता. इतका मोठा पाट, इतके रंग, आणि काम अर्ध्या घाटात संपलं होतं. चिवडाही उरला होता.

त्याची भरपाई पुढं झाली. पाट वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून हौशीरामनं डोकं चालवलं. आपल्याकडच्या गाड्यांना नाडी नसते, तर आपण बसवू. जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह ज्यांत खोचतात त्या बैठका त्याच्याकडे पोत्यानं पडल्या होत्या. गोल, भोकांच्या, अगदी त्या डबीच्या लहान बहिणी. गेणूनं स्टेशनवरच्या एका टॅक्सीच्या बॅटरीची, कॉइलची, सेल्फची, डायनामोची एकेक वायर काढून अशा बैठकीला जोडली आणि बैठक बॉनेटखाली ठोकली. आता टॅक्सी अडली, की तो पाट आणून त्याचे काटे बैठकीत खुपसायचा आणि दिवे बघायचा. सुरुवातीला टॅक्सीवाल्यांनी चेष्टा केली. पुढं एकदा भर मे महिन्यात, स्टेशनवर पुण्याचे पाहुणे सामान घेऊन खोळंबले असताना, तीन टॅक्सीवाले आपापल्या टॅक्सीच्या पेट्रोलच्या नळ्या फुंकत होते आणि डबीवाल्याची टॅक्सी पाट लावून तुटकी वायर सापडल्यामुळे तिघांच्या देखत निघून गेली. त्यानंतर चेष्टा थांबली आणि रांग लागली.

सगळंच जमलं असं नाही. पावसाळ्यात डब्यांत पाणी शिरून दोन टॅक्सी आपोआप सेल्फ मारायला लागल्या. त्यातली एक मध्यरात्री स्टँडवर एकटीच कण्हत होती म्हणून लोकांनी भुताटकीची बोंब केली. गेणूनं सायकलच्या ट्यूबची टोपी करून प्रत्येक डबीवर बसवली आणि सेल्फची वायर पुढं कुणालाच जोडली नाही.

बायाला गाडीची चटक लागली ती लागलीच. पद्मजाबाई कामशेतच्या बाजारला निघाल्या की तिला हाक मारायच्या, आणि ती हातातला झाडू जिथं असेल तिथं ठेवून पुढच्या सीटवर जाऊन बसायची. दोघींच्या काय गप्पा चालत ते गेणूला कधी कळलं नाही. बाईंनी तिला दवाखान्यात मदतीला घेतलं. मलमपट्टीचे बोळे उकळायला, बायाबापड्यांना धीर द्यायला. वाड्यांवरच्या बायका एरवी डॉक्टरच्या दाराशी उभ्या राहायच्या नाहीत, त्या बाया आहे म्हणून आत यायला लागल्या.

पवना नदीवरच्या धरणाचं काम पुरं झालं आणि पवनानगरकडं माणसांची ये-जा वाढली, तेव्हा सावळा नावाचा एक जण जुनी जीप घेऊन त्या रस्त्यानं शिटा मारायला, म्हणजे भाडं घेऊन माणसं ने-आण करायला लागला. तो एक दिवस गेणूच्या छपरात आला.

“डबी बशिवायची हाय,” तो म्हणाला.

“जीपला काय हुतंय?” गेणूनं विचारलं.

“काय न्हाई.”

“मंग कशाला?”

सावळा थोडा घुटमळला. “समद्या टॅक्सींना हाय. कामशेताला मान्सं बॉनेट उचलून बघत्यात. म्हनत्यात, हिला डबी न्हाई, म्हंजी जुनी दिसतीया. लोक दुसऱ्याच्या गाडीत बसत्यात.”

गेणूनं जीपला एक फेरी मारली. बॉनेट तारेनं बांधलेलं, एका बाजूचं दार नव्हतंच, मागच्या बाकावर कुणाची तरी कोंबडी पाय बांधून ठेवलेली. त्यानं सावळ्याला समजावलं, की डबीनं गाडी नवी होत नाही, आणि पाट माझ्यापाशी लोणावळ्यात, तू अडलास पवनेच्या काठी, तर डबीचा उपयोग काय. सावळ्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा म्हणाला, “पर बसव.”

मग गेणूनं बसवली. जरा मोठी, पितळी कड्याची, वर ट्यूबची नवी टोपी. वायरी मात्र खऱ्या जोडल्या. नुसती दाखवायची डबी बसवायला त्याचं मन होईना. सावळ्यानं बॉनेट उघडून, मिटून, पुन्हा उघडून तीनदा बघितली, आणि कोंबडी ज्याची त्याला पोचवायची आहे म्हणून घाईनं निघाला. फाट्यावर बायका हात करत होत्या. जीप थांबली, माणसं चढली, एका म्हातारबाबांना दोघांनी वर ओढून घेतलं. दाराच्या रिकाम्या जागेत पाय सोडून एक जण बसला आणि गाडी धूर सोडत पवनेच्या रस्त्याला लागली. इकडं गेणूच्या छपरासमोर एक लॉरी येऊन थांबली होती आणि तिच्या ब्रेकचा जळका वास शालूबाईच्या टपरीपर्यंत आला होता. गेणूनं जॅक उचलला आणि तो तिच्याखाली सरपटत गेला.